दौलतच्या सात फुलदाण्या

घर बदलणाऱ्या कुटुंबांचे सामान बांधण्यात दौलतची दुबईतली एकवीस वर्षे गेली होती. अमेरिकी कुटुंबे परत निघताना टवका उडालेली एखादी फुलदाणी टाकून देऊ लागली, की तो ती मागून घेई. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या लहान कारखान्यांत हाताने घडवलेल्या, तळाशी कारागिराची आद्याक्षरे कोरलेल्या अशा सात फुलदाण्या त्याच्या खाटेखाली जमल्या होत्या.

"बापाची मडकी खपेनात म्हणून इथं आलास, आणि इथं गोऱ्यांची मडकी सांभाळतोस," खोलीतला सुदेश टोमणा मारी. दौलत हसून सोडून देई. त्याला अप्रूप होते ते त्या आद्याक्षरांचे. वडिलांनी आपल्या एकाही मडक्यावर नाव घातले नव्हते.

फुटके भांडे घरात ठेवू नये, हा आईचा दंडक. म्हणून त्याने प्रत्येक टवका इपॉक्सीने भरला, रंग जुळवला आणि नखालाही जाणवू नये इतका गुळगुळीत घासला.

अल बर्शातल्या ज्या कलादालनात तो पेट्या पोचवी, तिथे अशाच भांड्यांचे प्रदर्शन भरणार होते. प्रत्येक भांड्याशेजारी संग्राहकाचे नाव लागणार होते. आपलेही नाव लागावे, एवढ्यासाठी दौलत सातही फुलदाण्या घेऊन गेला.

दालन चालवणाऱ्या अनुराधाने दिवे मालवून जांभळ्या प्रकाशाची बॅटरी काठांवरून फिरवली. सातही काठांवर, इपॉक्सी भरलेल्या जागी, पांढुरके डाग उजळले.

"दौलतभाऊ, हे काय लपवलंत?"

"लपवलं नाही, मॅडम. दुरुस्त केलं."

"टवक्यासकट आणली असतीत तर सगळी घेतली असती. आता ही ओरिजिनल राहिली नाहीत."

"भरलेलं काढून टाकतो."

"नको, वरचा चकचकीत ग्लेझचा थर निघेल. खलास झालं ते." मग तिची नजर बाजूला पडलेल्या कागदाच्या घड्यांवर गेली. "पॅकिंग मात्र फर्स्ट क्लास हं. बाकीच्यांचे पीसेस तुम्हीच उघडून मांडाल? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

तो हो म्हणाला. गुरुवारी त्याने शारजातल्या अल मजाजहून आलेली पेटी उघडली. आतल्या हिरव्या फुलदाणीच्या काठाला अंगठ्याएवढा टवका होता. त्याने ती चौथऱ्यावर ठेवली आणि शेजारी कार्ड लावले: काठाला टवका, मूळ स्थितीत. संग्राहक, स्मिता.

"कार्ड जरा तिरकं आहे," अनुराधा मागून म्हणाली.

त्याने ते सरळ केले.