शकुनचं दुधीचं विमान

शकुन गेली अकरा वर्षं आमच्याकडे भाजी आणते. अमरावतीच्या विमानतळाकडे त्यांचा मळा आहे. सकाळी आठला ती आमच्या ओट्यावर टोपली उतरवते आणि माझ्या चहाला नावं ठेवत तोच चहा पिते.

"उजवीकडची मेथी घ्या, आजची हाय," असं ती म्हणाली, की तो माझा उजवा हात समजायचा, तिचा नव्हे. ही सवय तिला सासूनं, मनकर्णाबाईनं लावलेली. "गिऱ्हाईक टोपलीच्या तिकून बसते," शकुन सांगायची, "त्याले आपला उजवा सांगून काय फायदा?"

तिची मुलगी प्राजक्ता बी.एस्सी. झालेली. मळ्यावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालत, ती बघत वाढलेली. विमानांची देखभाल शिकवणाऱ्या अकोल्याच्या एका संस्थेत तिला जायचं होतं. जागा एकच उरली होती, त्यासाठी तोंडी परीक्षा होती, आणि पुढच्या वर्षी प्राजक्ताचं वय बसणार नव्हतं. अभ्यासात ती पक्की. पण चार माणसांसमोर तिची जीभ टाळूला चिकटायची.

"मी इच्यारीन तिले," शकुन म्हणाली. "माह्यासमोर बोलली त साहेबासमोर बी बोलन."

मग तीन आठवडे आमच्या ओट्यावर शाळा भरली. शकुननं एक लांब दुधी घेतला, त्याला पुठ्ठ्याचे पंख खोचले, शेपूट खोचलं, कडांना चिरा देऊन हलणाऱ्या झडपा केल्या. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. त्यासाठी तिनं स्वतःच्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या.

"पडलं त भाजी करता येते," ती म्हणाली.

"आई, गंमत नको करू. इच्यार."

शेपूट स्वतःकडे आणि नाक लेकीकडे, असा दुधी धरून शकुन विचारायची, "हे मागचं उभं काय?"

"रडर. नाक डावी-उजवीकडे वळवते."

"अन् हे आडवं?"

"एलिव्हेटर. नाक वर-खाली करते."

"पंखाच्या झडपा?"

"एलेरॉन. एक वर गेलं की दुसरं खाली. जिकडचं वर, तिकडं इमान झुकते."

"डावीकडं झुकव."

प्राजक्ता लाल टिकलीच्या पंखाची झडप वर करायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. माझं सगळं लक्ष उच्चारांवर. एलेरॉन तिच्या तोंडी नीट बसेपर्यंत मी तिला सोडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शकुन म्हणाली, "ताई, तुमी चला संगं." बडनेऱ्यावरून अकोल्याला गेलो. संस्थेच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बसलो. उकाड्यामुळे खिडकी उघडी होती आणि आतलं सगळं दिसत होतं. टेबलावर हातभर लांबीचं पांढरं विमान, नाक प्राजक्ताकडे. पलीकडे परीक्षक.

"पायलटचं तोंड कुठं असतं?" त्यांनी विचारलं.

"पुढं, सर. नाकाकडं."

"मग लाल दिव्याच्या पंखाला हात लाव."

प्राजक्तानं स्वतःच्या डाव्या हाताकडच्या पंखाला हात लावला. शकुननं मान डोलवली. "बराबर."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. विमानाचा डावा म्हणजे नाकाकडे तोंड करून बसलेल्या पायलटचा डावा. प्राजक्ता समोर उभी होती. तिच्या डाव्या हाताला विमानाचा उजवा पंख होता. लाल टिकली शकुननं सवयीनं लेकीच्या बाजूनं, टोपलीपलीकडच्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं, लावली होती. पुस्तकात नुसतं 'डावा' छापलेलं. आणि मी तीन आठवडे समोर बसून उच्चार सुधारत होते.

"नक्की?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर." इतक्या ठाम आवाजात ती पोरगी कधी बोलली नव्हती.

"डावीकडं झुकव."

तिनं त्याच पंखाचं एलेरॉन वर केलं. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी उठले. दारातला शिपाई म्हणाला, "बसा बाई, मधात जाता येत नाई." मी बसले. शकुननं माझा हात दाबला. "अडून नाई राहिली पोरगी. पाहा ना ताई."

प्राजक्ता हसत बाहेर आली. तासाभरानं दारावर यादी लागली. तिच्यावर अंजनगावच्या एका मुलीचं नाव होतं. प्राजक्तानं यादी दोनदा वाचली.

"काहून?" शकुन मला विचारत होती. "सगळं त सांगतलं तिनं. कुठं चुकलं असंन, ताई?"

मी नजर चुकवून यादीकडे बघू लागले.

"काकू, तुमाले माहीत हाय," प्राजक्ता म्हणाली. "सांगा."

मी सांगितलं. माझं लक्ष नव्हतं, हेही सांगितलं. प्राजक्तानं एकदा आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. शकुननं दोन्ही हात पुढे धरून मनाशी डावं-उजवं लावून पाहिलं. मग ती सरळ शिपायासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेबाले सांगा, पोरगी नाई चुकली. म्या उलटं शिकवलं. तिले एक डाव पुन्हा इच्यारा."

"साहेब गेले, बाई."

"मंग फोन लावा."

"यादी लागली. आता फोन लावून काय होते?" शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं बाकाकडे बोट दाखवलं, पाणी आणून दिलं.

शकुननं पाणी हातात घेतलं, पण प्यायली नाही. "तिचं वय निंगून जाते हो पुढच्या साली," ती त्याला समजावून सांगत होती.

"आई, चाल," प्राजक्ता म्हणाली. "साडेचारची गाडी हाय."

शकुन जागची हलली नाही.