कॅरमच्या पावडरीचे डबे

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या प्रकल्पाचा विषय होता अद्रकीच्या दोन वाणांमधला फरक. पानं आमच्याच शेतातली, देवगाव रंगारीची. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती स्वतः तोडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीनं माझ्यापर्यंत आणली होती. हिवाळा लागला तशी शेतातली पानं पिवळी पडून वाळली. आता जो काही डीएनए होता तो माझ्याकडच्या दोन-चार नळ्यांत.

डीएनएचे तुकडे लहान-मोठे वेगळे करणारी जेल चालवायच्या आदल्या दिवशी माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, "बफर विचार करून निवड. तुझे तुकडे बारीक आहेत."

प्रयोगशाळेत दोन बफर, म्हणजे जेल ज्यात बुडवतात ती द्रावणं, असत. टीएईचा मोठा कॅन कायम भरलेला, कारण सगळे तोच वापरायचे. टीबीई मात्र स्वतः करावा लागायचा. ट्रिस आणि बोरिक ॲसिड तोलायचं, त्यात ईडीटीए घालायचं, विरघळेपर्यंत ढवळत बसायचं. मला वाटलं, सगळ्यांचं टीएईत चालतं, मग माझं का नाही चालणार? कॅनची तोटी उघडली, त्यातच जेलसाठीची अगरोजची भुकटी वितळवली, त्यानंच टँक भरला.

अतिनील दिव्याखाली जेल ठेवली तेव्हा दोन वेगळे पट्टे दिसायला हवे होते तिथं एकच जाड, पसरट पट्टा दिसला. धुक्यात गाडीचे दोन दिवे एक होऊन दिसावेत तसा. कुठलं वाण कुठलं, काही सांगता येईना.

मॅडम रागावल्या. इंग्रजीत, सगळ्यांसमोर. एवढ्या लहान तुकड्यांना टीएई कुणी वापरतं का, बोरिक ॲसिडचा बफर का नाही घेतला, उरलेला नमुना किती आहे, याचा विचार तरी केलास का? मी खाली मान घालून उभी होते. मान वर केली तर दारात आबा. विहिरीवरची मोटार दुरुस्तीला टाकून ते मला भेटायला आले होते, हातात भाकरीचं फडकं. कधीपासून उभे होते कोण जाणे.

जिना उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "लई वरडती का गं तुमची बाई? ते बोरिक बोरिक काय म्हनत व्हती?"

"कॅरमच्या बोर्डावर टाकतात ना, ती पावडर," मी तुटकपणे म्हणाले. "ती नव्हती त्यात."

मला म्हणायचं होतं, मी वापरलेल्या बफरमध्ये ती नव्हती. आबांनी वेगळंच ऐकलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजचे दोन प्राध्यापक आमचा विभाग बघायला आले होते. मॅडम त्यांना यंत्रं दाखवत होत्या. तेवढ्यात आबा आत आले. चपला दाराबाहेर काढलेल्या. त्यांनी पिशवीतून कॅरमच्या पावडरीचे डबे काढले आणि मॅडमच्या टेबलावर एकेक करून मांडले. डब्यांवर कॅरमच्या सोंगट्यांचं चित्र होतं.

"बाईसाहेब, पोरीची चूक नाय. तुमच्याकडं बोरिक नव्हतं म्हनून बिघडलं. हे घ्या. अजून लागलं तर सांगा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं. पाहुण्या प्राध्यापकांपैकी एकानं डबा उचलून उलटा-सुलटा केला. माझे कान तापले. जमीन फाटावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आबांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. मग मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तूच समजावून सांग त्यांना. मराठीत सांग."

मी सांगू लागले. सेमिनारसाठी घोकलेलं एकही वाक्य आठवेना, तोंडातून घरचीच बोली आली. "आबा, करंट सोडला की अद्रकीचे ते तुकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पळतेत. बारके पुढं, मोठे मागं. हे बफरचं पानी करंट नेतं अन् सगळीकडं सारखं ऱ्हातं."

"साध्या पान्यात नाय पळत का?"

"नाय. साध्या पान्यात करंट नीट जात नाय. अन् पानी दोन तऱ्हेचं असतं. लई बारके तुकडे वेगळे करायचे तर बोरिकवालं लागतं. पर ही पावडर चालत नाय. हिच्यात दुसरं काय काय मिसळलेलं असतं. इथं शुद्ध लागतं."

"मंग शुद्ध नव्हतं का इथं?"

सगळे ऐकत होते. "व्हतं," मी म्हणाले. "कपाटात व्हतं. मीच दुसरं निवडलं."

आबांनी "बरं" एवढंच म्हटलं. मग टेबलावरचे डबे एकेक करून पिशवीत भरले. एक डबा त्या प्राध्यापकांच्या हातात राहिला होता, तो परत घेण्यासाठी त्यांनी हात पुढं केला. सगळ्यांना नमस्कार करून ते गेले. चपला घालायला बाहेर त्यांना फार वेळ लागला. मी जागची हलले नाही.

त्या संध्याकाळी मी टीबीई तयार केला. उरलेल्या नमुन्यावर जेल पुन्हा चालवली आणि दोन पट्टे वेगळे आले, स्वच्छ, बारीक. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. मी आबांना फोन केला. "बरं झालं माय," ते म्हणाले. डब्यांबद्दल दोघंही बोललो नाही.

त्यानंतर आबा शहरात आले की गेटपाशीच थांबायचे. तोंडी परीक्षेच्या दिवशीही आले. परीक्षा चांगली झाली तेव्हा मॅडमनी विचारलं, "वडील आलेत का? वर बोलव ना त्यांना."

मी खाली गेले. म्हटलं, "आबा, मॅडम बोलावतात."

"नगं. मी हितंच बरा हाय," ते म्हणाले आणि टोपी नीट केली.

मी एकदाच विचारलं. ते नको म्हणाले तेव्हा आतून हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटलेलं माझ्या तोंडावर त्यांना दिसलं. त्यांनी नजर रस्त्याकडं वळवली.