चिंचेनं घासलेला राजा

आज लक्ष्मीपूजनाच्या तयारीत डिचोलीच्या आमच्या घरी वाद पेटला, मैत्रिणींनो.

तबकातला जुना चांदीचा रुपया पोर्तुगीज राजाचा आहे, हे कळताच धाकटे दीर उठले. त्यांच्या वडिलांनी पोर्तुगिजांचा तुरुंग भोगलेला.

"वैनी, हो राजा हांगा आसल्यार हांव पूजेक बसचों ना!" राजा इथे असेल तर ते पूजेला बसणार नव्हते.

मी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. "चेहरा दिसतो का बघा, भावोजी."

ना नाक, ना मिशी. सासूबाई दर दिवाळीला ते चिंचेनं घासायच्या. नवरा तुरुंगात होता तेव्हा जरा जास्तच घासलं, असं स्वतःच सांगायच्या.

भावोजी हसत सुटले. "आवयन राजाक पुसून काडलो!" आईनं राजालाच पुसून टाकलं होतं. मग त्यांनीच ते आपल्या सिंहांच्या रुपयाशेजारी मांडलं.

प्रत्येक राजवट नाण्यावर आपला शिक्का उमटवते. तुमच्या घरात तो कुणी घासला?