एकाच मापाचे हातमोजे

नरसय्या दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या उजव्या हातात प्लॅस्टिकचा ग्लोव्ह होता आणि ग्लोव्हच्या आत कॉस्टिक सोड्याचं पाणी होतं. ग्लोव्ह मनगटाशी सुताने गच्च बांधलेला. मी त्याचा हात धरून नळाखाली ओढला आणि कात्री उचलली.

"बाई, कापू नका की!" तो ओरडला. "जुना जमा केल्याबिगर हिरेमठसाब नवा देत न्हाईत."

माणसाचा हात भाजतोय आणि त्याला काळजी मोज्याची. मी कात्री चालवली. आतली कातडी पांढरी पडली होती आणि बोट लावलं की साबणासारखी सरकत होती. कॉस्टिकचं हेच वाईट. ॲसिड लगेच चावतं, माणूस बोंबलतो, हात झटकतो. कॉस्टिक गुपचूप आत आत शिरतं, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. नळ सोडून ठेवला आणि बराच वेळ त्याचा हात त्याखालून हलू दिला नाही.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नरसय्या रंगखात्यातला जुना माणूस. शहराच्या पूर्व भागात घर, घरात तेलुगू, गिरणीत मराठी. चादरीचा पक्का निळा रंग चढवायचा तर सुताच्या लडी काठीवर टांगून गरम टबात बुडवायच्या आणि हाताने उलटसुलट फिरवत राहायच्या. टबात रंगाबरोबर कॉस्टिक सोडा असतो, त्याशिवाय हा रंग विरघळत नाही. लडी फिरवताना हात नुसता ओला होत नाही, कोपरापर्यंत आत जातो. कोपरापर्यंत. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आमचे वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेब नेमका तोच विसरले होते.

प्रधानसाहेब मुंबईला कुठलंसं प्रदर्शन बघून आले आणि येताना ग्लोव्ह्जची खोकीच्या खोकी घेऊन आले. पातळ, पारदर्शक, मनगटाच्या जरा वरपर्यंत येणारे. दोन चपटे तुकडे कडेने चिकटवलेले. आत हात घातला की बोटांच्या टोकाला दोन बोटं जागा उरायची. त्याआधी रंगखात्यात जाड रबराचे, कोपराच्या वर जाणारे मोजे असायचे. ते फाटत आले होते. साहेबांनी त्यांची ऑर्डर बंद केली.

"डॉक्टर, हे मॉडर्न आहे. डिस्पोजेबल! वापरा आणि फेका. सगळ्या डिपार्टमेंटला एकच ग्लोव्ह."

"साहेब, हा भाजी वाढायला ठीक आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे जखम बांधताना वरून घालायलाही चालेल. पण रंगखात्यात नको. आणि मागावर तर अजिबात नको. सैल मोजा चाकात अडकला तर हाताला घेऊन जाईल."

"प्लॅस्टिकला कॉस्टिक काही करत नाही. मी स्वतः विचारून आलोय."

हे मात्र खरं होतं. प्लॅस्टिकला कॉस्टिक काही करत नाही. प्लॅस्टिकच्या आतल्या माणसाला करतं. पण साहेबांनी प्लॅस्टिकची चौकशी केली होती, माणसाची नव्हे.

बरं, फेकायचे म्हणून आणले, तर निदान फेकायचे तरी. पण आमच्या स्टोअरमध्ये हिरेमठ बसले होते. बल्ब गेला तर गेलेला बल्ब आणा, नवा न्या. झाडू झिजला तर बुडखा आणा, नवा न्या. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. ग्लोव्ह आले तरी नियम तोच. मी एकदा स्टोअरच्या मागे गेले तर दोरीवर ओळीने ग्लोव्ह वाळत घातलेले. हिरेमठ एकेक उतरवून तोंडाने फुगवून बघत होते. भोक नसलेला परत खोक्यात.

"हिरेमठ, हे डिस्पोजेबल आहेत हो. एकदा वापरून फेकून द्यायचे."

त्यांनी फुगवलेले गाल सैल सोडले. "सगळं फेकूनच द्यायचं तर मग स्टोअरकीपर कशाला पायजे ओ, बाई?"

एवढं बोलून त्यांनी पुढचा ग्लोव्ह तोंडाला लावला.

परिणाम असा की एकच मोजा सगळी गिरणी फिरून यायचा. माझ्या दवाखान्यात आलेल्या जोडावर निळी झाक असायची. कँटीनच्या गेनबाला मिळालेल्या जोडाला मशीनच्या ऑइलचा वास. हा गेनबा मोहोळकडचा, स्वभावाने आज्ञाधारक. साहेबांनी सगळ्यांना घाला म्हटलं, तर याने कढईवर भजी सोडतानाही घातले. आला धावत माझ्याकडे.

"बाई, ह्यो मोजा गरम तेलाला भ्यायला की! आकसून बसला बगा बोटाला."

दोन बोटांवर प्लॅस्टिक वितळून चिकटलं होतं. नशीब, थोडक्यात निभावलं. मी प्रधानसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, भजी तळणं हा गिरणीचा व्यवसाय नव्हे.

रंगखात्यातल्या लोकांनी मात्र अक्कल चालवली. सैल मोजा टबात निसटतो, म्हणून मनगटाशी सुताचे वेढे मारून बांधायला लागले. गिरणीत सुताला काय तोटा? पण सूत म्हणजे वात. दिव्याची वात तेल ओढते तसं सूत टबातलं कॉस्टिक ओढून आत सोडतं. शिवाय हात कोपरापर्यंत गेला की वरून आत येतंच. आणि एकदा आत गेलेलं गाठ सोडल्याशिवाय बाहेर येत नाही. नुसता हात असता तर नरसय्याने शेजारच्या पाण्यात बुचकळून घेतला असता, त्यांची रीतच होती ती. मोज्यामुळे त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रधानसाहेब दवाखान्यात आले. बसले नाहीत.

"डॉक्टर, फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत. तुमच्या रिपोर्टमध्ये एवढंच येऊ द्या की संरक्षण दिलेलं होतं, कामगाराने ते चुकीच्या पद्धतीने वापरलं."

"आणि मग नरसय्याचं काय?"

"निष्काळजी माणूस रंगखात्यात ठेवता येत नाही. सूत बांधायला त्याला कोणी सांगितलं होतं?"

म्हणजे हातही गेला आणि नोकरीही. नरसय्याला दुसरं काम येत नव्हतं. त्याच्या घरात मिळवता तो एकटाच. मला इतका संताप आला की टेबलावरचा ट्रे उचलून आपटावा. पण त्या काळात बाईमाणसाने ट्रे आपटला की तिला हिस्टेरिया म्हणायचे, आणि रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरकडून घ्यायचे. म्हणून मी गोड बोलले.

"लिहिते की. पण बरोबर पद्धत कोणती तेही लिहावं लागेल. ती मला माहीत नाही. ग्लोव्ह तुम्ही निवडलेत, तुम्हीच दाखवा. इन्स्पेक्टरसाहेबांसमोरच दाखवा, म्हणजे शंका नको."

साहेबांना स्तुती आणि टोमणा यातला फरक कधी कळला नाही. "शुअर," म्हणाले.

इन्स्पेक्टर आले. कमी बोलणारे, दमलेले गृहस्थ. रंगखात्यात सगळे जमले. हाताला पट्टी बांधलेला नरसय्या भिंतीला टेकून उभा. कॉस्टिकच्या टबात साहेबांचा हात घालू देण्याइतकी मी काही दुष्ट नव्हते. मी धुण्याच्या टबाकडे बोट दाखवलं. रंगातून काढलेल्या लडी त्यात खळबळून घेतात. कोमट पाणी आणि सुटलेला निळा रंग, बाकी काही नाही. साहेबांनी हिरेमठांकडून जोड मागवला. हिरेमठांनी सवयीने विचारलं, "जुना?" साहेबांनी डोळे वटारले तेव्हा कुठे नवा निघाला.

साहेबांनी ग्लोव्ह चढवले. बांधले अर्थातच नाहीत. काठीला हात घातला आणि लडी जेमतेम वर आली.

"तसं न्हवं, साब," नरसय्या भिंतीपासून हळूच म्हणाला. "खालपातुर हात घाला. न्हाईतर डाग पडतात की."

इन्स्पेक्टरनी मान हलवली. साहेबांनी हात खाली घातला. एक ग्लोव्ह तिथेच सुटून पाण्यावर तरंगायला लागला. दुसरा काठोकाठ भरून बाहेर आला, पाचही बोटं टम्म फुगलेली. त्याच्या आत मनगटावर साहेबांचं नवं कोरं घड्याळ होतं. ते पाण्यात बुडालेलं सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं. मोजा पारदर्शक होता ना!

कोणी हसलं नाही. नोकरीची भीती सगळ्यांनाच होती. फक्त गेनबा चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तो म्हणाला, "साहेब, हे तर बरंय, निस्तं पानीच हाय."

इन्स्पेक्टरनी माझ्याकडे वळून विचारलं, "त्या दिवशी यात काय होतं?"

"कॉस्टिक," मी म्हणाले. "आणि याहून गरम."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी रिपोर्टात दिसलं तेच लिहिलं. ग्लोव्ह या कामाचा नव्हता, आणि तो बांधला नसता तरीही भरलाच असता. नरसय्यावरचा निष्काळजीपणाचा शब्द गेला. नोकरी राहिली.

जाड रबराचे लांब मोजे परत आले. हिरेमठांनी ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले, पुन्हा इन्स्पेक्टर आले तर दाखवायला असावेत म्हणून. ते बाहेर काढायला मला त्यांच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसावं लागलं. कानडीत काहीतरी पुटपुटत त्यांनी किल्ली दिली. काय म्हणाले ते मी विचारलं नाही. पातळ मोज्यांपैकी उरलेली खोकी कँटीन आणि दवाखान्यात वाटली. गेनबाला मी बजावलं, वाढताना घाल, तळताना काढ.

त्यानंतर जिथे जिथे नोकरी केली तिथे मी एक अट घालत आले. संरक्षणाची कुठलीही वस्तू येऊ द्या, मोजा, चष्मा, बूट. पहिला दिवस ती विकत घेणाऱ्याने वापरायची, त्याच कामावर. बऱ्याच ऑर्डरी मग आपोआप बदलतात. व्यवस्थापनाला माझी ही अट फारशी आवडली नाही, ते साहजिकच आहे.

प्रधानसाहेबांचे हात कित्येक दिवस निळे होते. मीटिंगमध्ये ते टेबलाखाली ठेवत, आणि रंगखात्यातले लोक आपसात म्हणत, साहेब आता आमच्यातले झाले. तसं काही नव्हतं. दिवाळीपर्यंत साहेबांचा रंग पार उडाला. नरसय्याची दोन बोटं रिटायर होईपर्यंत पूर्ण मिटली नाहीत.