बर्फगाडीचा पट्टा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. चार ओळखीचे लोक जमले आणि कुणी हा विषय काढला, की मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचो. दुबईत जबल अलीच्या बाजूच्या शेडांमध्ये नव्या वेल्डरला आजही ती ऐकवतात म्हणे. एक कोकणातला वेल्डर होता, बर्फात चालणाऱ्या गाडीच्या पट्ट्यावर त्याने दमट रॉडने कच्चा वेल्ड मारला, पट्टा उडाला आणि त्याचाच डोळा घेऊन गेला. तेव्हा बाबांनो, रॉड सुकवून घ्या.

या गोष्टीतला डोळा तेवढा खरा आहे. बाकीची मी रचली.

मी त्या शेडमध्ये फोरमन होतो. तो वेल्डर माझ्याच तालुक्यातला, मीच त्याला इकडे आणला होता. कामगारांच्या कॅम्पात राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी करामा भागात आमच्या घरी जेवायला यायचा. मला अण्णा म्हणायचा, बायकोला वहिनी. जेवून झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचा, आणि बायको ओरडली की म्हणायचा, "वहिनी, अण्णा शेडात आमची ताटं फेकतो, घासायची सवय राहू दे."

तो ते हसत म्हणायचा, पण खोटं नव्हतं. माझा हात आधी जायचा, शब्द मागून. हातातला पाना मी माणसाच्या दिशेने भिरकावला आहे. एका हेल्परची मान धरून त्याचं तोंड त्याने वाकडं कापलेल्या पत्र्यापर्यंत नेलं आहे. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये पत्रा तापायचा, ग्राइंडर किंचाळायचे, माणसं एकमेकांवर ओरडायची, आणि मला वाटायचं, याशिवाय काम होत नाही. त्यालाही मी दोनदा-तीनदा कानाखाली मारली होती. तो गाल चोळायचा आणि म्हणायचा, "आज हात जड लागला अण्णा, काल वहिनीनं मटण केलं वाटतं."

एका उन्हाळ्यात आमच्या अरबाबने, म्हणजे शेडच्या मालकाने, एक काम घेतलं. कुणीतरी एका मोठ्या गोदामात मुलांसाठी बर्फाचं खेळघर उभारलं होतं. भिंतीभर थंडाव्याची यंत्रं आणि जमिनीवर मशीनने पाडलेला खरा बर्फ. त्यात मुलांना फिरवायला त्यांनी एक आठ चाकांची गाडी आणली होती. तिचा तळ होडीसारखा बंद, ती पाण्यातही चालायची आणि वाळूतही. पण बर्फावर तिची चाकं नुसती जागच्या जागी फिरत. तिला रणगाड्यासारखे पट्टे हवे होते, आणि तयार पट्टे परदेशातून यायला वेळ लागणार होता.

अरबाब म्हणाला, "इधर बनाओ. रबर है, लोहा है, आदमी है. यल्ला, चलो."

बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. फ्रीजमधला सोडून. आम्ही भंगारातून दगड वाहणारा जुना कन्व्हेयर बेल्ट आणला आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. जाड रबर, आत कापडाचे थर. चाकू आत रुतायचा आणि एकदम सुटून मांडीकडे यायचा. एका माणसाची पँट फाटली, खालची कातडी फाटली, त्याला बांधून आम्ही पुढे कापत राहिलो. पट्ट्यांवर आडव्या लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवल्या, बर्फात रुतायला. प्रत्येक आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूला दोन उभे तुकडे वेल्ड केले. त्यांना आम्ही कान म्हणायचो. टायर त्या दोन कानांच्या मध्ये बसतो, म्हणून पट्टा बाजूला सरकत नाही. कान तुटला तर पट्टा उतरतो. सगळे कान माझ्या गाववाल्यानेच वेल्ड केले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

एक गोष्ट माझ्याकडे होती. पट्टा ताणायला वेगळी काही यंत्रणा नव्हती. टायरमध्ये हवा भरायची, टायर फुगला की पट्टा आपोआप ताणला जायचा. ती हवा मी भरली. ऑगस्टमधली दुपार होती आणि गाडी अंगणात उभी होती. लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटेल इतकं ते तापलेलं. मी भरत गेलो, पट्टा घट्ट बसला, त्यावर लाथ मारून पाहिली आणि म्हणालो, खलास, झालं काम.

गाडी दाखवायच्या आदल्या संध्याकाळी ती बर्फात नेऊन ठेवली. सकाळी गोदामवाले आले, अरबाब आला, त्याचे पाहुणे आले. मी गाडी चालवली. सरळ गेली तोवर सगळे टाळ्या वाजवत होते. वळणावर डाव्या बाजूने कडकड आवाज झाला, पट्टा चाकांवरून उतरला, गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीवरच्या रंगवलेल्या पेंग्विनमध्ये घुसली. फळ्या फुटल्या. पाहुण्यांमधला एकजण हसला.

अरबाब माझ्यापाशी आला. त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्याने माझ्या छातीवर आपटला, सगळ्यांसमोर, आणि म्हणाला, "बुढ्ढा हो गया तू. घर जा." मग सगळ्यांना घेऊन बाहेर पडला. जाताना बजावलं, की पट्टा का उतरला ते त्याला दुसऱ्या दिवशी दाखवायचं, आणि ज्याच्यामुळे उतरला तो घरी जाणार.

आत मी आणि माझा गाववाला, दोघेच उरलो. तोंडातून वाफ निघत होती. मी पहार चाकाखाली घालून पट्टा वर ढकलत होतो, तो समोर गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढत होता. पट्टा बसत नव्हता. छातीवर किल्ल्या लागलेली जागा ठणकत होती. तो वर बघून म्हणाला, "अण्णा, गाडीनं भर सभेत पायजमा सोडला."

मी पहार बाहेर काढली आणि मारली.

निसटली नाही. हात घसरला नाही. मी ती मागे नेली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओल्या लाकडावर घाव बसावा तसा आवाज आला. तो बाजूला पडला, आणि त्याच्या तोंडाखालचा बर्फ लाल होऊन वितळू लागला. त्याने हात डोळ्यावर दाबला, बोटांमधून रक्त येत होतं. मला आठवतं, मी पुन्हा पहार उचलली होती. अर्धी वर. मग खाली ठेवली. ही दुसऱ्यांदा उचललेली पहार मी बायकोलाही कधी सांगितली नाही.

तो म्हणाला, "पट्टा उडाला म्हण."

"काय?"

"पट्टा उडाला म्हण रे. पोलीस आला तर तुला आत टाकतील. वहिनी, तुझी पोरगी, काय करतील इथं? पट्टा उडाला."

त्याला उचलताना मी आधारासाठी एका टायरवर हात टेकला. हात आत गेला. टायर मळलेल्या कणकेसारखा मऊ होता. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

हॉस्पिटलमध्ये त्यानेच सांगितलं, "पट्टा निकला, मुँह पे लगा." हवालदाराने मला विचारलं, मी होकारार्थी मान डोलावली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी शेडवर आणली. सुट्टीचा दिवस, शेडमध्ये कुणी नव्हतं. अरबाब दुपारनंतर येणार होता. गाडी उन्हात उतरवून मी पाणी प्यायला गेलो, तासाभराने परत आलो, आणि टायर दाबून पाहिले. दगडासारखे घट्ट. मी तिथेच खाली बसलो. थंडीत हवा आकसली, टायर बसले, पट्टा ढिला झाला आणि उतरला. उन्हात आल्यावर टायर पुन्हा फुगले. हवा मी भरली होती. बर्फासाठीच्या गाडीची हवा मी भट्टीत मोजली होती.

अरबाबला हे सांगणं सोपं होतं. एक वाक्य. पण सांगितलं असतं तर मी घरी गेलो असतो. मुलीची शाळा, करामाचं घर, सगळं माझ्या व्हिसावर उभं होतं. मी मोठा हातोडा घेतला.

डाव्या पट्ट्याचा एक कान मोडायचा होता, एवढंच. पहिल्या घावाला तो हलला नाही. मी मारत राहिलो. कान वाकला, आडवा झाला, पण वेल्ड सुटला नाही. उलट बाजूने मारून सरळ केला, पुन्हा पाडला. तळहात फुटले, दांडा रक्ताने बुळबुळीत झाला. मी शिव्या देत होतो, त्याचं नाव घेऊन शिव्या देत होतो, तो हॉस्पिटलमध्ये पडलेला असताना. शेवटी खालची आडवी पट्टी वेल्डच्या शेजारी चिरली, पण वेल्ड तसाच धरून होता. मग मी दुसरा कान निवडला, ग्राइंडर लावला, वेल्ड अर्धा कापला आणि घाव घातला. तुटला. कापल्याची खूण मी रेतीने घासली, त्यावर काळं ग्रीस फासलं. चिरलेली आडवी पट्टी काढून भंगारात टाकली आणि तिच्या जागी नवी बसवली.

अरबाबने तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला, फेकून दिला. म्हणाला, "कच्चा काम. उसका टिकट बनाओ."

गावी परत जाण्याआधी तो आमच्याकडे जेवायला आला. अर्ध्या तोंडाला पट्टी. बायको त्याच्या पानात वाढत होती आणि रडत होती. ती आत गेल्यावर मी त्याला म्हणालो, "मी मारलं. मला माफ कर." हे मला म्हणता आलं. खरंच म्हणालो.

तो म्हणाला, "कुठला कान तुटला अण्णा?"

"डाव्या बाजूचा. मधला."

तो भात कालवू लागला. "त्या दिवशी रॉड दमट होते काय कोण जाणे. दोन मुलं बसली असती तर? अण्णा, तू मारलंस ते बरोबर केलंस. मी असतो तर मी पण मारलं असतं."

मी वरण मागितलं.

गावी गेल्यावर त्याने वेल्डिंग सोडलं. एक डोळा गेला म्हणून नाही. एका डोळ्याने वेल्डिंग करणारे मी पाहिले आहेत. फोनवर म्हणायचा, "हातावर भरवसा नाय राहिला." मशीन विकलं आणि आंब्याच्या पेट्या ठोकायला लागला. एकदा सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. अंगणाचं फाटक बिजागरीतून सुटलं होतं, त्याने ते तारेने बांधलं होतं. वेल्डरला पाच मिनिटांचं काम. मी फाटकाकडे बघतोय हे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "आपल्या हाताचं आपल्याला कळतं ना अण्णा." त्याची बायको आत होती, मुलगी शाळेत. ओटीवर आम्ही दोघेच. तो सरबत आणायला आत गेला तेवढ्यात मी वाक्यं जुळवली, दोनदा मनात म्हटली. तो पेला घेऊन आला. मी पेला घेतला आणि आंब्याचा भाव विचारला.

यंदा तो गेला. त्याच्या मुलीने फोन केला. म्हणाली, बाबा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे. वेल्ड माझा कच्चा होता तरी अण्णाने कधी दोष दिला नाही, मला पाठीशी घातलं, असं म्हणायचे.

ओटीवर जे जुळवलं होतं ते असं होतं:

तुझा वेल्ड तुटला नव्हता. हवा मी भरली होती, चूक माझी होती. तुझा वेल्ड मी हातोड्याने फोडायला गेलो, तो फुटेना, म्हणून कापला. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. ते फाटक तू जोड. मला माफ कर.