भावासाठी निवडलेली सुरी

त्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन दिवस पाणी राहिलं, आणि तेव्हापासून माझ्या नवऱ्याने संकटाची तयारी मनावर घेतली. आम्ही उमेळ्याच्या बाजूला राहतो. आमची इमारत आहे तिथे पूर्वी केळीची वाडी होती, पाणी तिथेच मुरायचं. आता ते जिन्याच्या पायऱ्या चढतं. आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून घरात शिरलं नाही. पण वीज गेली, पंप बंद पडला, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचेही मोबाइल मेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ आला. माझ्या माहेराहून, पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून निघून शेवटचा टप्पा त्याने छातीभर पाण्यातून काढला होता. डोक्यावर प्यायच्या पाण्याचा कॅन, गळ्यात पिशवी, पिशवीत पाव, मेणबत्त्या आणि आईने दिलेले सुके बोंबील. आमच्या खाली एक म्हातारं जोडपं राहायचं. ते खिडकीच्या कट्ट्यावर बसून होते, कारण बाहेर वाहून आलेली ताडपत्री त्यांच्या दाराच्या कडीत अडकली होती आणि तिच्या दोरीचा पाण्याखाली गुंता झाला होता. दोन तास आम्ही सगळे ती ओढत होतो. भावाने शर्ट वर केला, कंबरेची सुरी काढली, हात पाण्याखाली घातला आणि न बघता दोरी कापली. दार उघडलं. त्याने आजींना पाठुंगळी घेऊन वर आणलं.

ती सुरी जेमतेम बोटभर पात्याची होती. टोक मोडून बोथट केलेलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि सुतळीने कमरेच्या करगोट्याला बांधलेली. मूळची ती बाबांची. बाबांचे गुडघे गेले तेव्हा मासेमारीची बोट भावाकडे आली, आणि बोटीबरोबर सुरीही.

पाणी ओसरल्यावर नवरा म्हणाला, "तुझा भाऊ एवढं जोखमीचं काम करतो आणि सुरी बघ, भंगारातली वाटते. आपण त्याला एक चांगली घेऊन देऊ."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. नवरा साताऱ्याकडचा, बँकेत नोकरी करणारा, सुट्टीत गड चढणारा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझ्या माहेरच्या ओट्यावर तो पाहुण्यासारखाच बसायचा. आपल्याला माशातलं काही कळत नाही, याची त्याला लाज वाटायची. सुऱ्यांमधलं मात्र त्याला कळत होतं, निदान आम्हा दोघांना तसं वाटत होतं.

आधी त्याने घरासाठी एक पाठपिशवी भरली. टॉर्च, सेल, शिट्टी, नेहमीच्या गोळ्या, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. त्यात त्याची स्वतःची ट्रेकची सुरीही गेली. खरं सांगायचं तर आठ वर्षांत तिने काकडी, पाव आणि एकदा बुटाची नाडी एवढंच कापलं होतं. मग भावाच्या सुरीचा शोध सुरू झाला. रोज जेवण झालं की तो मोबाइल घेऊन बसायचा आणि मी वह्या तपासता तपासता ऐकायचे. घडीची नको, मिटून बोट कापेल. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं. साधं पोलाद खाऱ्या पाण्यात गंजेल. पाठीला करवतीचे दाते असले तर दोर कापायला बरे. त्याने वहीच्या पानावर रकाने आखले होते आणि मी त्यात माझ्या चांगल्या अक्षरात भरत होते. मला त्या संध्याकाळी आवडायच्या. आम्ही दोघं मिळून माझ्या माणसांसाठी काहीतरी करत होतो.

भावाला विचारावं, असं आमच्या मनातही आलं नाही. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

नारळी पौर्णिमेला आम्ही पाचूबंदरला गेलो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली होती, बोटी रंगवून तयार होत्या. मी भावाला राखी बांधली. त्याने ताटात पाकीट ठेवलं आणि मी त्याच्या हातात खोका दिला. त्याने तो उघडला. वीतभर पातं, काळी मूठ, जाड म्यान, म्यानावर दोन पट्टे आणि बटणं, ठिणगी पाडायची कांडीसुद्धा.

"ताई, ही तर पिक्चरमधली आहे," तो म्हणाला आणि हसला. त्याने ती लगेच पट्ट्याला लावली, अंगणात उभा राहिला, मला फोटो काढायला लावला.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सुरी हातात घेतली, उलटसुलट केली, बटण उघडून पाहिलं, लावून पाहिलं. "भारी हाय," म्हणाले. मग जरा वेळाने, "हिला घेऊन खाली बसनार कसा?"

"बाबा, सवय होईल," भाऊ म्हणाला. माझ्या नवऱ्याकडे बघत त्याने पुढे जोडलं, "दाजींनी एवढी शोधून आणलीय."

त्याच दुपारी आई मासे साफ करत होती. तिची सुरी बोथट झाली होती, म्हणून भावाने कंबरेची जुनी सुरी सोडून तिला दिली. "आता ही तूच ठेव. मला नवीन मिळाली." मी तिथेच पाटावर बसले होते. आईने सुतळी कापून टाकली आणि सुरी धुऊन घेतली. आम्ही ताज्या मांदेलीचं जेवलो आणि संध्याकाळी घरी परतलो.

त्यानंतर पाच महिने गेले. भाऊ दर आठवड्याला फोन करायचा. मी एकदोनदा विचारलं, सुरी कशी आहे. "एकदम मस्त," तो म्हणायचा.

पौष महिन्यात, शाळेची मधली सुट्टी संपत आली असताना, मला काकांचा फोन आला. काका भावाच्याच बोटीवर असायचे. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "बाय, बंदरावर ये. घाई कर." त्यांच्या आवाजावरून मला कळलं. मी मुख्याध्यापिकांना काय सांगितलं आठवत नाही. रिक्षात बसल्यावर पायात वर्गातल्या सपाता होत्या, हे मात्र आठवतं.

मी पोचले तेव्हा बोट किनाऱ्याला लागत होती. भर दुपार होती, ओहोटी लागली होती. त्याला ताडपत्रीवर ठेवलं होतं आणि अंगावर कुणाचा तरी शर्ट घातला होता. उजव्या घोट्याभोवती दोराचा वळ होता, निळा. बाबा चिखलातून काठीशिवाय चालत गेले. आई वाळूतच बसली.

काय झालं ते त्या वेळी एका वाक्यात कळलं: जाळं सोडताना दोराचा फास पायाला बसला आणि तो पाण्यात गेला. आमच्या वस्तीत हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. लहानपणी बाबा आम्हाला बोटीवर नेत तेव्हा पहिली ताकीद तीच असे, सुटत्या दोरात पाय ठेवायचा नाही. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता. आई त्याच्यासाठी अर्नाळ्याची एक मुलगी बघून आली होती.

बाराव्यानंतर एकदा बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ती सुरी माझ्यापुढे ठेवली. "तुझी हाय. घेऊन जा." म्यानावरची दोन्ही बटणं लावलेली होती. पात्यावर कारखान्यातून आलेलं तेल अजून होतं.

मी ती पिशवीत घातली, पण ते तेल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आठवड्याने मी काकांकडे गेले. ते जाळं विणत बसले होते. मी विचारलं, "त्या दिवशी सुरी कुठे होती?"

काकांनी सुई जाळ्यात अडकवून ठेवली. "केबिनमधी होती. खिळ्याला. बसलं का मांडीला टोचायची, जाळ्यात अडकायची. पयल्या आठवड्यातच त्याने काढून ठेवली."

"मग पाच महिने कंबरेला काहीच नव्हतं?"

"नाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जाळं कुठेतरी अडकलं म्हणून भाऊ सुकाणू त्यांच्या हाती देऊन मागे गेला होता. फास बसताच तो गेला, ओरडलासुद्धा नाही. काकांनी इंजिन बंद केलं. दोघे दोर ओढू लागले, बाकी कुणाच्या कंबरेलाही सुरी नव्हती, म्हणून एक जण ती आणायला केबिनकडे धावला. त्याचे हात ओले होते, बटण निघेना. निघालं तोवर दोर कापून उपयोग नव्हता, कारण आता त्या दोरानेच त्याला वर आणायचं होतं.

"कंबरेला असती तर वाचला असता?" मी विचारलं.

"सांगता येत नाय, बाय. दोर ताणला का मानूस उलटा होतो. पानी नाकात जातं. माझ्याकडे सुरी व्हती तरी मी एकदा मरता मरता वाचलोय, आनि सुरी असून गेलेली मानसंबी मी बघितलीत. पन हात लावाला कायतरी पायजे. ते नव्हतं त्याच्याकडं."

मी घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं, असं पुढे कित्येकदा वाटलं. तो ऐकून घेऊन गॅलरीत गेला. तो वहीचा कागद फ्रीजच्या वर फाइलमध्ये होता. आत येऊन त्याने तो काढला, माझ्यासमोर धरला. रकान्यात लांबी होती, वजन होतं, पोलाद होतं, मुठीचा प्रकार होता.

"यात बसायचं कसं, ते नाहीये," तो म्हणाला. "ओल्या हाताने उघडायची कशी, ते नाहीये. तुझ्या बाबांनी पहिल्या मिनिटात विचारलं आणि मला राग आला होता. म्हटलं, यांना काय कळतं."

आम्ही एकमेकांना दोष दिला नाही. पण त्या वर्षी आम्ही फारसं बोललोही नाही. तो गडांवर जायचा बंद झाला. घरातली पाठपिशवी दिवाणाखाली तशीच पडून राहिली, तिच्यातल्या गोळ्यांची तारीख उलटली. मला आईसमोर बसवत नव्हतं. ती जेवायला वाढत होती, आणि मासे त्या जुन्या सुरीऐवजी विळीवर कापत होती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी बाबांजवळ बसले आणि जे वर्षभर मनात होतं ते बोलले. म्हटलं, "बाबा, मी ती सुरी दिली नसती तर जुनी त्याच्या कंबरेला राहिली असती."

बाबांनी नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील.

"मना दिसलं व्हतं," ते म्हणाले. "रोज बंदरावर जायाचो मी, त्याला सोडाला. दिवाळीच्या आधीच दिसलं, कंबर रिकामी हाय. बोलनार व्हतो. मग वाटलं, बोललो तर तो सांगनार, ताईने दिलेली टोचते. ती गोष्ट तुझ्या कानावर जानार, जावयाला वाईट वाटनार. एवढ्यासाठी गप बसलो. मी चाळीस वर्सं दर्यावर काढली, आनि जावयाला वाईट वाटू नये म्हनून गप बसलो."

एवढं बोलून त्यांनी तोंडावरून टॉवेल फिरवला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्या घरात प्रत्येकाने दुसऱ्याचं मन राखलं होतं. भावाने माझं, बाबांनी जावयाचं, आणि माझ्या नवऱ्याने, खरं तर, त्या सगळ्यांचंच. त्यात कुणी वाईट नव्हतं. हे कळल्याने दुःख कमी झालं नाही, पण मला बाबांच्या शेजारी बसता येऊ लागलं.

पुढच्या बंदीच्या दिवसांत एका रविवारी नवरा एकटाच पाचूबंदरला गेला. मला संध्याकाळी सांगितलं. तो बाबांना घेऊन लोहाराकडे गेला होता. बाबांनी जमिनीवर खडूने पातं काढून दाखवलं: चार बोटं लांब, टोक नाही, धार एकाच बाजूला, मुठीला भोक. म्यान कातड्याचं, बटण नसलेलं, ओढलं की सुटणारं. नवऱ्याने या वेळी फक्त प्रश्न विचारले. डाव्या हाताने निघेल का? वाकलं तर आपोआप पडेल का? गंजली तर? बाबा म्हणाले, "गंजू दे की. रोज घासाची. घासताना मानूस रोज तिला बघतो."

पहिली सुरी बाबांनी जाड ओल्या दोरावर तीनदा चालवून पाहिली आणि परत केली. दुसरी ठेवून घेतली. तशा आठ करून घेतल्या, भावानंतर काका ज्या बोटीवर जाऊ लागले होते तिच्यावरच्या माणसांसाठी चार आणि शेजारच्या एका बोटीसाठी चार. शेजारची बोट चालवणाऱ्या तांडेलाने घेतल्या नाहीत. त्याच्या बायकोने मला सांगितलं, मेलेल्याच्या नावाने आलेली वस्तू बोटीवर नको म्हणतात. मला राग आला नाही. त्या चार सुऱ्या अजून बाबांच्या ट्रंकेत आहेत.

आता मोसम सुरू झाला की बाबा पहाटेऐवजी उजाडल्यावर बंदरावर जातात, कारण गुडघे अंधारात चालू देत नाहीत. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जाते. काकांच्या बोटीवरचे खलाशी चढण्याआधी त्यांच्यासमोर थांबतात आणि शर्ट वर करतात. बाबा नुसती मान हलवतात. या वर्षी डहाणूकडचा एक नवा माणूस आला होता. त्याला हे ठाऊक नव्हतं, तो तसाच पुढे निघाला. बाबांनी त्याला हाक मारली. "पोरा, तुझी कुठं हाय?"

त्याने पिशवीकडे बोट दाखवलं. बाबांनी पिशवी उघडायला लावली, सुरी काढायला लावली, आणि खाली बसून, गुडघे दुखत असताना, ती स्वतःच्या हाताने त्याच्या कंबरेला बांधली. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. तो माणूस अवघडून उभा होता. बोटीवरून कुणीही घाई केली नाही.