सिस्टर झेलिफांचा विसरलेला पासवर्ड

आमच्या नाकोम्बे गावात तिशीच्या आतलं कुणी सहसा सिस्टर झेलिफांशी वाद घालत नाही. घालणाऱ्याला त्या शांतपणे ऐकून घेतात आणि मग बाजारात, चारचौघांत सांगतात, तुझा जन्म झाला तेव्हा तू असा होतास आणि तू माझ्या एप्रनचं काय केलंस. माणूस चूप होतो. एकोणतीस वर्षं त्यांनी आमच्या छोट्या दवाखान्यात बाळंतपणं केली. आता निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.

दवाखान्याच्या रजिस्टरात त्या नोंद करीतच, पण त्याशिवाय त्यांच्या स्वतःच्या वह्या होत्या. अकरा वह्या. तारीख, वेळ, वजन, आईचं नाव, आणि शेवटी एक ओळ मनातली. मी त्यांना एकदा विचारलं होतं की हा दुप्पट उद्योग कशासाठी. त्या म्हणाल्या, सरकारी रजिस्टरात रकाने असतात, बाई रडली का हसली याला रकाना नसतो.

निवृत्त व्हायच्या आधी दवाखान्यात शिकायला आलेल्या एका नर्सने त्यांना वह्यांच्या पानांचे फोटो काढून इंटरनेटवरच्या एका खात्यात ठेवायला शिकवलं. सिस्टरनी ते मनावर घेतलं. रोज दुपारी नसीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खाऊन झाली की ओट्यावर वही उघडायची आणि पानापानाचा फोटो काढायचा. आठ वह्या झाल्या. उरलेल्या तीन पावसाळ्यानंतर करू म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात गावामागचा मुलांजेचा डोंगर घसरून खाली आला. पाणी, चिखल आणि घराएवढे दगड. दवाखान्याची रजिस्टरं गेली, कपाटासकट गेली. सिस्टरांचं कच्च्या विटांचं घरही गेलं. त्या स्वतः डोक्याच्या फडक्यात फोन बांधून शाळेच्या टेकडीवर चढल्या म्हणून वाचल्या. वह्या फळीवर होत्या. नंतर आठवडाभराने, आम्ही सगळे शाळेतच राहत होतो तेव्हा, तो फोन त्यांच्या हातून दगडावर पडला आणि त्याचा पडदा काळा झाला. सिस्टरनी तो पिशवीच्या तळाशी टाकला आणि बटणांचा एक साधा फोन घेतला. त्या दिवसांत फोटोंचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. माणसं शोधायची होती.

दोन वर्षांनी ओळखपत्रं करायला तालुक्याहून माणसं आली. शाळेच्या वर्गात टेबलं मांडली. ज्यांचे कागद पुरात गेले त्यांच्या जन्मतारखेच्या जागी ते फक्त साल विचारून पुढे एक जानेवारी लिहीत. सकाळपासून रांगेतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी आला. लोक एकमेकांना आत्तापासून शुभेच्छा देऊन हसत होते.

माझ्या आठवीच्या वर्गातली तडाला मात्र हसली नाही. तिने एक जानेवारी घ्यायला नकार दिला. कारकून म्हणाला, अगं, काय फरक पडतो. ती रांगेतून बाहेर पडली. तडालाची आई पुरात गेली. बाप आधीच दक्षिण आफ्रिकेला खाणीवर गेला तो परतला नव्हता, ती मामाकडे राहते. मी तिच्या मागे गेले तेव्हा ती हापशापाशी उभी होती.

ती म्हणाली, "मॅडम, आई सांगायची, तू आंब्याच्या दिवसांत झालीस, बाजारच्या दिवशी. जानेवारीच्या एक तारखेला कुठला बाजार?"

मी तिला घेऊन सिस्टरांकडे गेले. नव्या जागी, उंचावर, त्यांनी दोन खोल्या बांधल्या आहेत. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐकून घेतलं, तडालाकडे नीट पाहिलं आणि तिच्या आईचं नाव घेतलं. "एस्नाथची पोर ना तू? तुझी नोंद आहे. सातव्या वहीत असणार. कुठे आहे ते ठाऊक आहे मला, फक्त दार उघडत नाही."

तेव्हा पहिल्यांदा त्या फोटोंची गोष्ट बाहेर आली. मी माझ्या फोनवर त्यांचं खातं उघडून पाहिलं. त्याने पासवर्ड मागितला. सिस्टरनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तो मी एकदाच टाकला होता. मग फोन म्हणाला, मी लक्षात ठेवू का? मी म्हटलं, ठेव बाबा. त्याने ठेवला आणि मी सोडून दिला."

विसरलात तर नंबरवर आकडा पाठवतो, असं खातं म्हणत होतं. पण तो नंबर त्यांच्या जुन्या सिमचा, कधीचाच बंद. सिस्टरनी मुलांची नावं सांगितली, नवऱ्याचं, चर्चचं, स्तोत्राचा आवडता क्रमांकही सांगितला. एकही लागलं नाही. शेवटी त्या आतून पिशवी घेऊन आल्या आणि तळाशी पडलेला तो मेलेला फोन माझ्या हातात ठेवला.

बाजारपेठेत फत्सानीचं पत्र्याचं दुकान आहे. ती फोन दुरुस्त करते. लिंबे शहरात एका दुकानात दहा वर्षं काम करून, नवऱ्याला सोडून, स्क्रूड्रायव्हरची पेटी घेऊन ती माहेरी आली. तिच्या कामाला कुणी नाव ठेवत नाही, तिच्या जिभेला ठेवतात. तिने फोन कानाशी धरला, चार्जरला लावला आणि म्हणाली, जीव आहे, डोळे गेलेत. नवा पडदा लिंबेहून यायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत तडाला रोज शाळा सुटल्यावर दुकानावरून जायची, काही विचारायची नाही, फक्त वळून पाहायची.

पडदा बसला, फोन उजळला, आणि त्याने खूण मागितली. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून काढायची ती खूण. सिस्टर म्हणाल्या की मी तर अंगठा टेकवून उघडायचे. फत्सानीने समजावलं की बंद पडून उठलेला फोन आधी खूणच मागतो, आणि या नव्या पडद्याला तर अंगठा वाचताच येत नाही. सिस्टरनी चौकोन काढून पाहिला, आडवी रेघ, उभी रेघ, वळण. प्रत्येक चुकीला फोन थोडा जास्त वेळ रुसायचा. शेवटी तर त्याने तासभर थांबायला सांगितलं. फत्सानीने फोन काढून घेतला आणि पडद्यावर चिकटपट्टी लावली.

"सिस्टर, आता बोट लावलंत तर मी कोंबडी घेतल्याशिवाय परत देणार नाही," ती म्हणाली. "हा अजून चिडला तर स्वतःला धुऊन पुसून बसेल, मग सातवी वही नाही आणि आठवीही नाही."

सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा मला म्हाताऱ्या वाटल्या. मी त्यांना घरी सोडायला गेले. दारापाशी थांबून एवढंच म्हणाल्या की हजार पोरांची वजनं पाठ आहेत, आणि स्वतःच्या दाराची कडी आठवत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गिरणीवर मका दळायला गेलो होतो. वाटेत फत्सानीकडून सिस्टरनी फोन परत घेतला, चिकटपट्टीसकट. बहुधा आशा सोडली होती. गिरणीवर पंचवीसेक बायका डोक्यावरची घमेली खाली ठेवून रांगेत बसल्या होत्या. त्यांत एलुबी होती, पोट पुढे, नववा लागलेली. तिला महिनाभर वेळ आहे असं सगळ्या म्हणत होत्या. एलुबी अचानक उठली, भिंत धरली आणि खाली बसली. पाणी गेलं होतं.

नवा दवाखाना नदीपलीकडे आहे. पूल अजून लाकडी आहे, त्यावरून मोटारसायकलची रुग्णगाडी येते, पण ती दुसऱ्या गावी गेलेली होती. सिस्टरनी निरोप पाठवायला लावला आणि वाट पाहिली नाही. गिरणीवाल्याला बाहेर काढलं, पोत्यांच्या खोलीत चटई अंथरायला लावली, मला पाणी उकळायला धाडलं. त्यांच्या पिशवीत अजूनही रबरी हातमोज्यांची पाकिटं असतात. निवृत्त झालात तर हे कशाला, असं कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की पोरं निवृत्त होत नाहीत.

तासाभरात मुलगा झाला. छोटा, निळसर. रडला नाही. मी पोत्याला टेकून उभी होते. सिस्टरनी त्याला पुसलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा चोळलं, सगळं सावकाश, जणू गिरणीत आपला नंबर लागायला अजून वेळ आहे. मग तो रडला. बाहेरच्या बायकांनी तोंडाने आनंदाचा कल्लोळ केला.

सिस्टरनी बाळाला आईच्या छातीवर ठेवलं, मोजे बदलले, स्वच्छ जोड चढवला, आणि पिशवीत हात घालून फोन काढला. चिकटपट्टी ओढून टाकली. बोट पडद्यावरून गेलं. वर, तिरपं, खाली, वळण. घड्याळ उघडलं. बाळाच्या छातीकडे पाहत त्या श्वास मोजू लागल्या.

मी म्हटलं, "सिस्टर, उघडला."

"गप्प. मोजू दे."

मिनिट पूर्ण झालं. श्वास ठीक होते. तोवर पडदा विझलेला. मी त्यांना सांगितलं की तुम्ही आत्ता खूण काढलीत. त्यांनी हातावरच्या मोज्यांकडे पाहिलं. मग कळलं. बाळंतपणात हाताला मोजे, मोज्यातला अंगठा फोन ओळखत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या वेळी त्या खूणच काढायच्या, डोळे बाळावर आणि बोट फोनवर. आता बघून काढायला गेल्या तर बोट हवेतच थांबलं. त्या म्हणाल्या, राहू दे, विचार केला की पळतंय.

रुग्णगाडी आली, एलुबी आणि बाळ दवाखान्यात गेले, सिस्टरांचं पीठ दळून झालं. मग आम्ही फत्सानीकडे गेलो. तिने सगळं ऐकलं, सिस्टरना स्टुलावर बसवलं, नवे मोजे चढवायला लावले आणि फोन त्यांच्या हातात ठेवून समोरच्या भिंतीकडे तोंड करायला सांगितलं.

"आता सांगा," ती म्हणाली, "पोराचं वजन किती वाटलं?"

"अडीच किलोला थोडं कमी."

"रंग?"

"आधी निळा. मग गुलाबी, पण तळवे उशिरा झाले."

"श्वास किती?"

"अठ्ठेचाळीस," सिस्टर म्हणाल्या, आणि बोट फिरलं, आणि फोन उघडला.

पुढचं काम फत्सानीचं. फोनमधले फोटो जागा व्हावी म्हणून तेव्हाच पुसलेले होते आणि इतक्या जुन्या फोनवर खात्यातली पानं आता उघडत नव्हती, म्हणून पासवर्डच हवा होता. फोनच्या सेटिंगमध्ये जपून ठेवलेल्या पासवर्डांची यादी असते, तिथे ती गेली. खात्याचं नाव होतं, शेजारी ठिपके. ठिपके उघडायला फोनने पुन्हा खूण मागितली. फत्सानीने श्वास पुन्हा विचारला नाही, बाळाचं डोकं लांबट होतं का एवढं विचारलं. ठिपके गेले आणि अक्षरं आली. यामिकानी४९००.

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना स्टूल धरावं लागलं. यामिकानी हा त्यांच्या हातून झालेला सगळ्यात वजनदार मुलगा, चार किलो नऊशे ग्रॅम. दवाखान्यात दोन दिवस लोक त्याला बघायला येत होते. तो आता बोमाला, म्हणजे तालुक्याच्या गावी, जाणाऱ्या मिनीबसवर कंडक्टर आहे आणि काडीसारखा बारीक आहे, दारातून आडवा लटकतो तेव्हा वाऱ्याने उडेल की काय वाटतं. फत्सानी म्हणाली की याला सांगू नका, भाडं वाढवेल.

मी माझ्या फोनवर पासवर्ड टाकला. सिस्टरांच्या फोनवर विचारणा आली की हे तुम्हीच आहात का. सिस्टर त्याला म्हणाल्या, मीच की, दुसरं कोण. आणि एकेक पान येऊ लागलं. पाण्याने न भिजलेली पानं, त्यांचं तिरकं अक्षर, कुठे चहाचा डाग.

आठच वह्या होत्या हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. शेवटच्या तीन वह्या गेल्या त्या गेल्याच. पुढच्या आठवड्यांत लोक शाळेत येऊ लागले तेव्हा काहींना परत पाठवावं लागलं. एका बापाने तीन मुलींची नावं सांगितली, दोघी मिळाल्या, धाकटी नाही. सिस्टरनी त्याला बसवून घेतलं, त्या वर्षी मका कसा होता, कुणाचं लग्न झालं, चर्चचं छप्पर कधी बसलं, असं विचारत विचारत महिना तरी नक्की केला. तालुक्याच्या कारकुनाने सुरुवातीला फोटो मानायला का कू केलं. मग त्याच्या साहेबाने दवाखान्याच्या प्रमुखांची सही असेल तर चालेल असं सांगितलं, आणि प्रमुखांनी एका बैठकीत दोनशे चौदा सह्या केल्या.

पण सगळ्यांत आधी, त्या शनिवारीच, मी तडालाला दुकानात बोलावून घेतलं. ती मामाच्या भाताच्या वाफ्यातून चिखलाच्या पायांनी आली. सातव्या वहीत मिळालं नाही. सिस्टरांचा चेहरा पडला. सहाव्यात मिळालं, शेवटून तिसरं पान. नोव्हेंबरची एकोणतीस, शनिवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. तीन किलो शंभर. आई एस्नाथ. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे आंब्यांचे दिवस, आणि शनिवार बाजाराचा.

पुढची ओळ मी मोठ्याने वाचायला लागले, पण तडालाने हात पुढे केला, म्हणून फोन तिला दिला. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग आम्हाला ऐकू जाईल असं वाचलं.

"आईने बाजारात आंबे विकायला आणले होते. तिथूनच आली. मुलगी झाल्यावर म्हणाली, पाटी कुणी सांभाळतंय का बघा, आणि हसली."

फत्सानीने हातातलं काम खाली ठेवलं. सिस्टर म्हणाल्या की पाटी आठवते, मीच दोन आंबे खाल्ले होते त्यातले. तडालाने एका कागदावर तारीख लिहून घेतली, आणि ओळही, शब्दन् शब्द. घडी घालून शाळेच्या कंपासपेटीत ठेवली. मग विचारलं, नोंदणीवाले परत कधी येणार.

मी म्हटलं, बुधवारी.

"मी पहिली उभी राहीन," ती म्हणाली आणि वाफ्याकडे निघाली. रोपं अर्धी लावून आली होती.